बाकाजवळची झाडं

साहेब, रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या बापाच्या हातात ठेवून तुम्ही गाडीत बसून निघून गेलात. हे तुम्ही केलंत, दुसऱ्या कुणी नाही. आणि आता सगळं वन आडवं झाल्यावर फाटकावर फलक लावलात, 'स्थानिक देखभाल करणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे हानी झाली असून चौकशी सुरू आहे.' स्थानिक देखभाल करणारा या शहरात एकच होता, आणि तो माझा बाप. नाव लिहायची तेवढी हिंमत झाली नाही तुमची.

बाबा तो फलक वाचून घरी आले, चप्पल काढली, आणि म्हणाले, "बरोबरच लिहिलंय त्यांनी."

तेव्हापासून ते खिडकीशी बसून आहेत. जेवतात, अंघोळ करतात, विचारलं तर बोलतात. पण वन आपण मारलं हे त्यांच्या मनानं घेतलंय, आणि ते मी हजार वेळा नाही म्हटल्यानं जात नाही. माझं ते ऐकत नाहीत, लेकीचं कोण ऐकतं? तुमचं ऐकतील. आयुष्यभर तुमचंच ऐकत आलेत. आज आमच्या घरी आलाच आहात, म्हणून पहिल्यापासून सांगते. मधूनच उठू नका. उठून जायची सवय आहे तुम्हाला.

ती जागा कचऱ्याची होती. अख्ख्या शहराचा उकिरडा. तो तुम्ही हलवलात, वर माती टाकलीत, कुंपण घातलंत आणि जाहीर केलंत की ज्यांचं कुणी गेलंय त्यांनी आपल्या माणसाच्या आठवणीत इथं एक झाड लावावं. कल्पना चांगली होती, खोटं कशाला बोलू. खड्डे तुमच्याच माणसांनी खणले होते, व्यवस्थित अंतर सोडून, खालच्या पायवाटेपासून मागच्या चढाच्या टोकापर्यंत. आणि रस्त्याच्या बाजूनं, कुंपणाला लागून, तुमच्याच माणसांनी एक दाट रांग लावली होती. वारा आणि धूळ अडवायला. त्या रांगेतलं एकही झाड कुणाच्या नावचं नव्हतं.

आई गेली त्याच वर्षी हे सुरू झालं. बाबा सुतार. आई गेल्यावर दुकान उघडायचे खरे, पण दुपारपर्यंत रंधा हातात घेऊन नुसते बसायचे. मी तेव्हा शेजारच्याच गाळ्यात पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडून नव्यानं तार भरायचं काम करत होते. भिंत एकच. पलीकडून करवतीचा आवाज आला नाही की मला कळायचं, बसलेत.

मग एक दिवस त्यांनी पायवाटेच्या मध्यावर आईचं रोप लावलं आणि त्याच्यासमोर बसायला बाक केलं. आमच्या जुन्या स्वयंपाकघराचं दार होतं, जाड फळ्यांचं. ज्या दाराला टेकून आई भाजी निवडायची, ते. गाळ्यासमोरच्या दुकानातले शिंपीकाका बाक बघून म्हणाले, "बाक कसलं हे, लग्नातला पलंग आहे. नवरा-नवरीसकट वऱ्हाड बसेल."

इथंच घोळ झाला, आणि तो बाकानं केला.

कारण लोकांना झाड हवं होतं ते बसता येईल अशा ठिकाणी. मागच्या चढावरचे खड्डे रिकामे, त्यांत कुत्री झोपायची. आणि इकडे जो येई तो रोप घेऊन बाकापाशी उभा राही. "इथं होईल का हो जरा जागा?" जसं गाडीत बसलेल्याला विचारावं, सरकता का. आणि बाबा सरकायचे.

अशी जागा मागत सगळ्यात आधी आल्या त्या बाई. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आजही त्या रस्त्यानं आल्या की मी हातातला पाना लपवते, का ते मला ठाऊक नाही. त्यांचा मुलगा रस्त्यावर अपघातात गेला होता. बादलीत रोप घालून, ती बादली छातीशी धरून आल्या. बाबांनी चढाकडे बोट दाखवलं, "बाई, तिथं छान मोकळी जागा आहे."

"तिथं? इतक्या लांब?" बाई म्हणाल्या. "अहो, तो अंधाराला घाबरायचा."

मुलाला मिशा होत्या. आपल्या मुलीला शाळेत सोडायला यायचा तो. पण बाबांनी कुदळ उचलली आणि आईचं झाड आणि शेजारचं झाड यांच्या मध्ये खड्डा घेतला. हात लांब केला तर दोन्हीकडच्या झाडांना लागेल, एवढी जागा. मी म्हटलं, "बाबा, फार जवळ होतंय."

"रोपच आहे," ते म्हणाले.

रोपच आहे! सगळं शहर या दोन शब्दांवर चाललं होतं. रोप केवढं? बोटाएवढं. उद्या त्याचं काय होणार हे डोळे पुसत आलेल्या माणसाला कोण सांगणार? बाबांना तर कुणाला 'नाही' म्हणताच येत नव्हतं. आईच म्हणायची त्यांच्या वाट्याचं 'नाही'. गिऱ्हाईक चौकटीचे पैसे बुडवायला आलं की आई आतून बाहेर यायची. आता ती झाड झाली होती, आणि बाबा एकटे पडले होते.

बाईंना जागा दिली म्हटल्यावर बाकीच्यांना कशी नाकारणार? शिंपीकाकांनी त्यांच्या आईचं झाड आधीच लावलं होतं, मग बायको गेली, तेव्हा तिचंही त्याच्या कुशीत लावलं. लावून झाल्यावर हात झटकत म्हणाले, "जिवंतपणी दोघी एका स्वयंपाकघरात मावल्या नाहीत. आता बघू."

बाबा म्हणाले, "सासूनं सुनेवर सावली धरली म्हणजे मिळवली."

"सावली? अहो, उजेड अडवेल ती. ओळखतो मी माझ्या आईला."

आणि तसंच झालं. आईचं झाड तरारून वर गेलं, बायकोचं त्याच्या खाली वाकडं होऊन बाजूनं वाट काढत राहिलं. शिंपीकाका दर आठवड्याला यायचे, आईच्या झाडाच्या दोनतीन फांद्या कात्रीनं छाटायचे, मग आईलाच म्हणायचे, "माफ कर, पण हिचंही ऐकावं लागतं." आम्ही हसायचो. तेव्हा हसू यायचं.

बाबांनी दुकान हळूहळू बंदच केलं. सकाळ-संध्याकाळ वनात. तण काढायचं, आळी करायची, वाळलेलं उचलायचं, पाण्याच्या नळाची किल्ली त्यांच्याकडे. पंपाची मोटार जळाली की ते ती खांद्यावर घालून माझ्या गाळ्यात आणायचे, "हिला जरा बघ पोरी, झाडं तहानलीत." माणूस पुन्हा माणसात आला होता. त्यासाठी मी तुमचे आभारही मानले असते.

तुम्ही वर्षातून एकदा यायचात. कॅमेरा घेऊन. बाकापाशी उभं राहायचात, कारण तिथंच झाडं जास्त, फोटो भरगच्च यायचा. मागचा चढ उघडाबोडका आहे हे तुम्हाला दिसत नव्हतं असं नाही. त्याच्याकडे तुमची पाठ असायची. "वा, काय घनदाट झालंय!" हे तुमचे शब्द. बाबा घरी येऊन ते मला दोनदा सांगायचे.

झाडं उंच झाली. खूप उंच, आणि जाडी मात्र अंगाला लागेना. रांगेत मागं उभा राहिलेला माणूस टाचा उंचावून मान काढतो ना, तशी. खाली काळोख, पान नाही, वर कुठेतरी आभाळाला चिकटलेला हिरवा शेंडा. वाऱ्यानं सगळी एकदम एका बाजूला झुकायची आणि एकमेकांना घासून कण्हल्यासारखा आवाज करायची. बाबा म्हणायचे, "बोलतात आपसात."

मग तुमच्याच कचेरीनं बाहेरून एक तपासणीस बोलावली. आखूड केसांची, हातात छोटा हातोडा. खोडांवर टकटक करून कान लावायची. शिंपीकाकांनी लगेच तिचं बारसं केलं, झाडांची डॉक्टरीण. तिनं बाबांचा पंजा धरून एका झाडाच्या बुंध्याभोवती लावला. बोटं जवळजवळ जुळली. मग तिनं वर बघायला लावलं. शेंडा दुमजली घरापेक्षा उंच.

"काका, ही झाडं नाहीत, काठ्या आहेत," ती म्हणाली. चिडून नाही, आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलावं तशी. "उजेडासाठी पळत सुटलीत. एकमेकांच्या आधारानं उभी आहेत म्हणून उभी आहेत. एकाआड एक काढावं लागेल. याच वर्षी. काढलीत तर उरलेली अंग धरतील. नाही काढलीत तर एक दिवस सगळी जातील."

बाबांचा हात अजून बुंध्यावरच होता. ते म्हणाले, "काढायची म्हणजे?"

"कापायची. आणि साहेब," ती तुमच्याकडे वळली, "ती रस्त्याकडची रांग आहे ना, तिला मात्र अजिबात हात लावायचा नाही. वारा ती पेलतेय. आतली विरळ करा, बाहेरची राखा. उलटं करू नका."

हे तिनं तुमच्या तोंडावर सांगितलं. मी तिथे होते, पंप बसवायला आले होते. तुम्ही मान हलवलीत. म्हणजे माहीत नव्हतं असं तुम्हाला आता म्हणता येणार नाही.

डॉक्टरीण गेल्यावर तुम्ही गाडीतून लाल रंगाचा डबा काढलात. "काका, जी काढायची त्यांच्यावर खूण करा. आमची माणसं येऊन कापतील."

"मी?" बाबा म्हणाले. "साहेब, हे तुमच्या माणसांनी करायचं."

"आमचा माणूस आला तर लोक दगड घेऊन धावतील. तुमचं ऐकतात. तुम्ही घरचे."

"पण ठरवायचं कसं मी?"

"काका, सुतार ना तुम्ही? लाकडातलं तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?"

"मेलेल्या लाकडातलं कळतं," बाबा म्हणाले. "जिवंत लाकडातलं मला काही कळत नाही."

तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं त्यांनी विनोद केला. बाबांच्या खांद्यावर थाप मारलीत आणि नामानिराळे झालात. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची होती, तुम्ही एक म्हातारा उंदीर शोधलात.

बाबा आधी बाईंकडे गेले. मीही गेले, ते एकटे जाऊ शकले नसते. बाईंच्या खोलीत भिंतभर पुस्तकं, टेबलावर मुलाचा फोटो, फोटोसमोर त्याचा चष्मा. बाबांनी सगळं सांगितलं, डॉक्टरिणीचं, काठ्यांचं, उजेडाचं. बाई शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मुलानं दोनदा मरायचं?"

बाबा उठले. "नाही बाई. तसं नाही. राहू द्या. बघतो मी काहीतरी." आणि आम्ही बाहेर आलो. अर्धा कप चहा टेबलावर तसाच.

मग शिंपीकाका. मशीनवर पाय चालू होता. ऐकता ऐकता पाय थांबला. म्हणाले, "दोघींपैकी एक? आणि कोणती ते मी सांगायचं?" आणि मोठ्यानं हसले. "अहो, हा प्रश्न मी जन्मभर टाळत आलो. मशीनचा आवाज मोठा करून टाळला. आता म्हातारपणी तुम्ही आणलात दारात?" हसता हसता त्यांनी मशीनवर झाकण घातलं. दुपारची वेळ होती, दुकान बंद करायची नव्हती ती. "तुम्हीच ठरवा," म्हणाले. "मला न सांगता करा. मी आठवडाभर येत नाही तिकडे."

सगळीकडे हेच. कुणी रडलं, कुणी दार लावलं, कुणी म्हणालं आमचं सोडून कुणाचंही कापा. एकानं तर विचारलं, "तुमच्या बायकोचं कापणार आहात का आधी?"

त्या प्रश्नावर बाबांनी चप्पल पायात घातली. घरी आल्यावर मी बोलले.

"बाबा, त्यानं वाकड्यात विचारलं, पण बरोबर विचारलं. आईच्या झाडावर पहिली खूण करा. मग कुणाला तोंड उघडता येणार नाही."

"तुझी आई आहे ती."

"माझी आहे म्हणूनच सांगतेय. ते झाड काही आई नाही, बाबा."

"मग काय आहे?"

"झाड आहे. आणि डॉक्टरीण म्हणाली तसं, काठी आहे."

बाबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. आईच्या मागे पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर आवाज चढवला. "तू मोटारी उघड. तारा मोज. यात पडू नकोस." त्यानंतर किती दिवस आम्ही एका घरात मीठ-पाण्यापुरतं बोललो.

मी बघत होते. रोज सकाळी डबा आणि ब्रश घेऊन जायचे, रोज तसेच परत यायचे. एकदा मी मागून गेले. आईच्या झाडापाशी उभे होते, ब्रश बुडवलेला, थेंब बुटावर पडताहेत. उभेच. मग बाईंच्या मुलाच्या झाडाकडे वळले. मग शिंपीकाकांच्या. मग परत आईच्या. एखाद्या खानावळीत सगळी टेबलं भरलेली असताना माणूस जागा शोधत फिरतो तसे. मी आल्या पावली परत फिरले. मी पुढे होऊन त्यांच्या हातातून ब्रश घेतला असता तर, असं लोक मला सुचवतात. लोकांना सुचतं पुष्कळ.

त्या संध्याकाळी ते आले तेव्हा डबा रिकामा होता. हात कोपरापर्यंत लाल. मला वाटलं झालं, केलं एकदाचं. सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मुद्दाम तिकडून गेले. एकाही झाडावर ठिपका नव्हता. बाक मात्र पायापासून पाठीपर्यंत लालभडक रंगवलेलं, अजून ओलं. रंग संपवायचा म्हणून संपवला होता.

मग ते तुमच्याकडे आले. आठवतं? कचेरीत, त्या काचेच्या खिडकीसमोरच्या खुर्च्यांवर. म्हणाले, "साहेब, माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही ठरवा. मी कुणाला काही बोलणार नाही, शिव्या माझ्या नावावर घाला हवं तर. पण ठरवा तुम्ही." एक माणूस तुमच्यासमोर हात जोडून सांगत होता की हे ओझं मला पेलत नाही. तुम्ही काय म्हणालात? "काका, हा भावनेचा प्रश्न आहे. घाई नको." पुन्हा आले, तेव्हा तुम्ही बैठकीत. पुन्हा आले, तेव्हा तुमच्या शिपायानं पाणी दिलं आणि परत पाठवलं. भिजत घोंगडं. डॉक्टरीण 'याच वर्षी' म्हणाली होती. ते वर्ष गेलं, पुढचंही गेलं.

आणि मग वनाचा वाढदिवस आला. तुम्हाला मोठ्या पाहुण्यांना बोलवायचं होतं. रस्त्यावरून वन दिसत नाही, अशी तुमची अडचण. गाड्या लावायला जागा नाही, ही दुसरी. तेव्हा तुम्हाला ती रस्त्याकडची रांग आठवली. जिच्यात कुणाचं माणूस नव्हतं. जी कापल्यावर एकही बाई बादली छातीशी धरून तुमच्या दारात येणार नव्हती. ज्या झाडांना रडणारं कुणी नव्हतं, ती तुम्ही निवडलीत. जखम मांडीला, मलम शेंडीला.

आता जे सांगते ते बाबांच्या विरुद्ध जाणारं आहे. तरी सांगते, कारण लपवलं तर मी तुमच्यासारखी होईन. तुमची माणसं करवती घेऊन आली तेव्हा फाटक बाबांनी उघडलं. डॉक्टरिणीचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. ते विसरले नव्हते. पण त्या सकाळी ते ओझ्यातून सुटले. त्यांना वाटलं, काहीतरी कापलं ना, मग आता आपल्या माणसांना कुणी हात लावणार नाही. तुमच्या माणसांना त्यांनी पाणी दिलं. बुंधे ओढायला हात लावला. संध्याकाळी घरी येताना माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला. "आत कसा उजेड आलाय बघ," म्हणाले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले ते हे.

मी पुडा फोडला आणि खाल्ली बिस्किटं. बाप बोलायला लागला होता.

तुमचा कार्यक्रम छान झाला. भाषण झालं. बाबांना शाल नाही, पण टाळ्या मिळाल्या.

वारा त्यानंतर एका दुपारी आला. पाऊस नाही, विजा नाही, नुसता कोरडा वारा. तसा वारा आधीही यायचा, तेव्हा रांग उभी असायची. आता मधे काहीच नव्हतं. मी गाळ्यात होते. पत्रे वाजायला लागले, आणि मग तिकडून एक आवाज आला, एखाद्यानं खूप मोठं कापड एका दमात फाडावं तसा. शिंपीकाका दुकानातून बाहेर आले, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं धावलो.

पहिलं झाड दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर. एकमेकांच्या आधारानं उभी होती, एकमेकांना घेऊनच पडली. काही मुळासकट, बरीचशी मधूनच मोडलेली. आईचं कमरेएवढ्या उंचीवर मोडलं होतं. आतलं लाकूड ओलं, पांढरं. मागच्या चढावर ज्या दोनचार जणांना नाइलाजानं लांबची जागा मिळाली होती, त्यांची झाडं उभी होती. जाड बुंध्याची, खाली फांद्या असलेली, जरा पानं गळली एवढंच.

लोक आले. प्रत्येक जण आपलं शोधत होता, आणि कुणालाच सापडत नव्हतं, कारण कुठला शेंडा कुठल्या बुंध्याचा हेच कळत नव्हतं. शिंपीकाकांची दोन्ही झाडं एकमेकांत अडकून पडली होती. त्यांनी एक फांदी ओढून बघितली. म्हणाले, "आता सोडवायलाही येत नाहीत." या वेळी कुणी हसलं नाही.

बाबा पायवाटेवर उभे होते. बाई काठी टेकत त्यांच्यापाशी आल्या. मला वाटलं आता त्या बोलतील, शिव्या देतील. मी मध्ये पडायच्या तयारीत होते.

बाई म्हणाल्या, "तुम्ही माझं का ऐकलंत?"

"बाई, तुम्ही..." बाबा म्हणाले. "तुमचे डोळे भरले होते."

"भरणारच होते. माझा मुलगा होता तो. मी रडले असते, चार दिवस तुमचं तोंड बघितलं नसतं, मग आले असते." बाईंचा आवाज वर्गातला झाला होता, पण फाटलेला. "वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं मी. रडतं म्हणून कुणाला गणित सोडून द्यायचं असतं का? तुम्ही मोठे होतात ना तिथे? कुणीतरी मोठं असायला हवं होतं तिथे."

बाबा म्हणाले, "मी मोठा नव्हतो हो बाई. मीही तुमच्यातलाच होतो."

हे वाक्य मी तुमच्यासाठी जपून आणलंय. नीट ऐका. तोही त्यांच्यातलाच होता. त्याचंही माणूस तिथं झाड होऊन उभं होतं. ज्याचं स्वतःचं कुणी त्या बाकापाशी नव्हतं, असा माणूस ठरवायला हवा होता, आणि त्यासाठीच शहरानं तुम्हाला त्या खुर्चीत बसवलंय. तुमचं तिथं एकही झाड नव्हतं. तुम्हाला काय जड होतं?

परवा बाई घरी आल्या होत्या. तुम्ही नवीन रोपं वाटणार आहात, पुन्हा तिथंच, तीच जाहिरात, असं सांगायला. म्हणाल्या, "चला, या वेळी नीट करू. मी चढावर लावते." बाबांनी खिडकीतून नजर काढली नाही. म्हणाले, "मला 'नाही' म्हणता येत नाही, बाई. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्यानं झाडं सांभाळू नयेत." बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळानं निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "यांना कुणीतरी सांगायला हवं."

मी सांगून थकले. चूक केली त्यांनी, मी कुठं नाही म्हणते? हात लांब केला की लागेल अशा अंतरावर खड्डे घेतले, कुणाला परत पाठवलं नाही, आणि शेवटी स्वतः फाटक उघडलं. ही त्यांची चूक त्यांच्यापाशी राहू द्या, ती ते टाकणारही नाहीत. पण सगळीच त्यांची नाही. तुमच्या वाट्याची तेवढी तुम्ही घेऊन जा. फोटो काढताना त्या चढाकडे पाठ कुणाची होती? डॉक्टरीण कुणाशी बोलत होती? हात जोडलेल्या माणसाला पाणी देऊन कुणी परत पाठवलं? रस्त्याकडची रांग कापा, असं कोण म्हणालं?

चौकशी सुरू आहे म्हणता ना? मग मी एकच विचारते. कुणाचं माणूस ठेवायचं आणि कुणाचं काढायचं, हे ठरवणं माझ्या बापाचं काम होतं की तुमचं? त्याचं, की तुमचं? एका शब्दात सांगा, आणि मला नको, त्यांना सांगा. ते इथंच बसलेत, खिडकीशी. ऐकताहेत.